किल्लीच्या ठशाची नानकटाई

“आली गं बाई पुन्हा दिवाळी! म्हणजे आता ती नानकटाई येणार. गेल्या वर्षीच्या दोन अजून गॅलरीच्या दाराला लावल्यात. कितीही वारा सुटू दे, दार जागचं हलत नाही!”

बदलापूरला कात्रपच्या कोपऱ्यावरच्या मिसळवाल्याकडे बाकडी पाठीला पाठ लावून मांडलेली असतात. तिथे बसलं की आपली मिसळ आणि मागच्याचं गुपित, दोन्ही एकदमच पोटात जातं. वरचं वाक्य हर्षदाच्या उजव्या कानापासून वीतभर अंतरावर उच्चारलं गेलं. बोलणारी यशोधरा, हर्षदाच्याच इमारतीतली, दुसऱ्या मजल्यावरची. ती फोनवर बहिणीशी बोलत होती आणि आपल्या पाठीला कुणाची पाठ लागली आहे याचा तिला पत्ता नव्हता. हर्षदाच्या तोंडात नेमका तर्रीचा घास. तो गिळावा की मागे वळून उडवावा हे ठरेपर्यंत तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते तिखटाचं की अपमानाचं, हे तिचं तिलाही कळलं नाही.

कारण ती नानकटाई तिच्या सासूबाईंची होती!

आता खरं सांगायचं तर यशोधरा काही खोटं बोलत नव्हती. सासूबाई, म्हणजे राजाबाई, मूळच्या वांगणीच्या पलीकडच्या खेड्यातल्या. घरच्या शेतातला तांदूळ अजून येतो, म्हणून नानकटाईत निम्मं तांदळाचं पीठ. तूप म्हणाल, तर बाळाला तीट लावावी तेवढं. मग पीठ एकत्र येईना की दुधाचा हबका, आणि वरून मुठीने मळणं असं, की जणू पिठाशी जुनं वैर आहे! ही नानकटाई चहात बुडवली तर चहा निवतो, नानकटाई होती तशीच राहते. एकदा एक हातातून निसटली. फरशीचा टवका उडाला. नानकटाईचा नाही.

पण हे आजवर कुणी बोललेलं नाही. याची सुरुवात केली सासऱ्यांनी. ते अंबरनाथला कारखान्यात होते. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत त्यांनी एक नानकटाई तोंडात धरली, बराच वेळ धरून ठेवली आणि शेवटी म्हणाले, “अशी नानकटाई मी आजवर कुठेच खाल्ली नाही.” माणूस सज्जन, शब्दशः खरं बोलला. राजाबाईंनी ते कौतुक समजून पुढच्या वर्षी दुप्पट केली! सासरे जाऊन अकरा वर्षं झाली, पण नानकटाई वाढतच गेली. आता इमारतीत आणि नात्यात मिळून एकवीस डबे जातात. प्रत्येक घरातून ठरलेला निरोप येतो, “आजी, यंदा काय झालीय हो नानकटाई!” काय झालीय, ते कुणी सांगत नाही.

“माझ्या सासूला नावं ठेवायची तर मी ठेवीन!” घरी येऊन हर्षदा नवऱ्यावर कडाडली. “ही कोण लागून गेली? दाराला लावते म्हणे!”

राजेश पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, “आपण नाही का शिलाई मशीनच्या पायाखाली लावलीय?”

“ते घरातल्या घरात!”

राजेशने पेपराचं पान उलटलं. हर्षदाने पदर खोचला आणि ती म्हणाली ते वाक्य नीट ऐकून ठेवा, पुढे कामाला येईल.

“तुम्ही बघाच! या दिवाळीला ती यशोधरा आपल्या दारात येऊन कृती विचारणार! आणि आईंना पत्तासुद्धा लागणार नाही. मी सगळं ठरवलंय.”

“तू ठरवलंस की मला धडकी भरते,” राजेश म्हणाला.

तिचं ठरवणं असं होतं. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये टेकचंदभाईंची बेकरी आहे, लाकडाच्या भट्टीची. तिथे अजून जुनी रीत चालते. आपलं पीठ, आपलं तूप, आपली साखर घेऊन जायचं, ते आपल्यासमोर मळून, वळून, भाजून देतात. राजाबाई मात्र मळायला कुणाला द्यायच्या नाहीत, तिथे बसून स्वतःच मळायच्या. दिवाळीच्या आधी तिथे बायकांची ही गर्दी! एका भट्टीत दहाजणींचे ट्रे जातात, म्हणून अदलाबदल होऊ नये यासाठी प्रत्येकीची आपापली खूण. कुणी चारोळी टोचते, कुणी काट्याच्या चमच्याने रेघा ओढते. राजाबाईंची खूण म्हणजे त्यांच्या कपाटाच्या किल्लीचा ठसा! प्रत्येक नानकटाईच्या मधोमध एक किल्ली उमटलेली. बघायला मात्र फार सुरेख दिसायची.

दरवर्षी राजाबाई राजेशच्या स्कूटरवर मागे बसून, डबा पोटाशी धरून स्वतः जायच्या. यंदा श्रावणात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. जिने बंद, भजनी मंडळ बंद, वांगणीच्या फेऱ्या बंद, ओट्यापाशी उभं राहणंही बंद. खुर्चीत बसून त्या खिडकीतून येणारे-जाणारे मोजायच्या. आपलं म्हणावं असं काही उरलं असेल तर ते हे एकवीस डबे. ऑपरेशन थिएटरमध्ये नेताना बाईंनी डॉक्टरांना विचारलं होतं, “दिवालीपतूर बरी व्हईन ना? माझी नानकटाई असते.” म्हणून तर आजवर खरं बोलायची कुणाची छाती झाली नव्हती. ही बाई सगळं सोसेल, पण या डब्यांतली नानकटाई लोकांच्या दारांना लावलेली असते हे कळलं, तर ती त्या खुर्चीतून पुन्हा उठायची नाही, असं हर्षदाला मनापासून वाटायचं.

तेव्हा बेत साधा होता. सासूबाईंचं पीठ न्यायचं, ते गुपचूप बाजूला ठेवायचं, नव्या पिशवीतला मैदा, रवा आणि भरपूर तूप टेकचंदभाईंना द्यायचं, किल्लीचा ठसा मारायचा आणि मऊसूत नानकटाई घेऊन यायचं. आणलेल्या पिठाची नंतर घावनं. आहे काय त्यात!

रविवारी सकाळी राजाबाईंनी कमरेच्या गोफातली किल्ली सोडवली. चोवीस वर्षांत पहिल्यांदा ती किल्ली सुनेच्या हातात आली. हर्षदाला एकदम दागिना मिळाल्यासारखं वाटलं, आणि लगेच चोरी करायला निघाल्यासारखंही.

“ठसा मधोमध मार गो. वाकडा नको. आनि हरवू नको, कपाटात माझं औषध असतंय. टेकचंद पुडी दील, ती बी आन.”

ही पुडी दरवर्षी यायची. तपकिरी कागदाची, सुतळीने बांधलेली. औषध म्हणून ती थेट कपाटात कुलपाआड जायची. ओव्याची खारी असेल, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

टेकचंदभाईंनी नऊची वेळ दिली होती. आठला निघालं तर वेळेत पोचतं माणूस. पण माणूस राजेशबरोबर नसेल तर!

बदलापूर ते उल्हासनगर या पट्ट्यात सकाळी कुठे काय खावं, या विषयात राजेश स्वतःला शेवटचा शब्द मानतो. त्याच्या फोनमध्ये यादी आहे, प्रत्येक ठिकाणापुढे दहापैकी मार्क. शाळेत स्वतःला कधी पडले नाहीत ते मार्क तो वड्यांना देतो. घरातून निघून पाच मिनिटं झाली नाहीत तोच स्कूटर थांबली.

“अहो, काय झालं?”

“काही नाही. इथले कांदेपोहे गेल्या महिन्यात साडेसहा होते. सुधारलेत का बघतो.”

पोहे सातवर गेले. मग अंबरनाथ आलं. तिथे एका टपरीवरचा मेदुवडा न खाता पुढे जाणं म्हणजे देवळावरून जाताना हात न जोडणं, असं राजेशचं मत. हर्षदा कडेवर पिठाची पिशवी, पायाशी डबा, पदरात किल्ली, अशी रस्त्याच्या कडेला उभी.

“अहो, नऊ वाजले!”

“दोन मिनिटं. चटणी आज वेगळी लागतेय. मार्क बदलावे लागतील.”

बेकरीत पोचायला पावणेदहा झाले. दारात पिठाच्या डब्यांची रांग, आत भट्टीची धग, आणि गल्ल्यावर टेकचंदभाई, मैद्याने पांढरे झालेले, भुवयांसकट.

“साईं, अम्मा किधर? ठीक तो है ना?”

हर्षदाने गुडघ्याची हकीकत सांगितली आणि मग आवाज खाली आणून आपला बेत सांगितला. टेकचंदभाईंनी तो पूर्ण ऐकला. कानाला हात लावला.

“नको, भाभी. हे आपल्याच्याने नाय होणार. अम्मा का आटा आया है, तो भट्टी में जाएगाच. चालीस साल झाले. मेरा बाप बैठता था तबसे. अम्मांचा माल परत न्यायचा? दिवाळीत?”

“पण भाऊ, तुम्ही ती कधी खाऊन बघितली आहे का?”

टेकचंदभाई भट्टीकडे बघायला लागले. “धगच फार है आज,” ते म्हणाले.

शेवटी तडजोड झाली. दोन्ही पिठं भाजायची. हर्षदाच्या नानकटाईवर किल्लीचा ठसा, सासूबाईंच्या नानकटाईवर काट्याच्या चमच्याच्या रेघा. घरी गेल्यावर रेघांच्या गुपचूप बाजूला काढायच्या. त्यांचं पुढे काय करायचं ते मागाहून बघू, कुठेतरी कंपाउंडच्या भिंतीचं बांधकाम चालूच असतं!

हर्षदाने आपल्या दोन ट्रेंवर मन लावून ठसे मारले. सगळे मधोमध, एकही वाकडा नाही. किल्ली फळीवर ठेवली आणि काट्याचा चमचा हातात घेतला. तेवढ्यात फोन वाजला. व्हिडिओ कॉल. राजाबाई!

पडद्यावर एक भलामोठा कान.

“आई, फोन कानाला लावू नका! समोर धरा!”

“समोर धरला तर ऐकू कसा येनार? मना काय दिसत नाय गो. सगला अंधार हाय.”

“तो तुमचाच गाल आहे, आई!”

“किल्ली मारलीस का? मधोमध?”

“हो, मारली.”

“वाजव बगू. मना आवाज ओलखतो.”

आता पिठावर किल्ली मारल्याचा काय आवाज येणार! तरी हर्षदाने किल्ली फळीवर दोनदा आपटली. कानाचं समाधान झालं.

“बरं. राजेशला दे. त्याला इचारते, तू खरी बोलतेस का.”

राजेश! हर्षदाने वळून बघितलं. राजेश नव्हता. मघाशी “स्कूटर सावलीत लावतो” म्हणून गेला तो गेलाच. “ते बाहेर आहेत, थांबा हं,” म्हणत ती फोनमधल्या कानाला हातात धरून रस्त्यावर धावली. गल्लीच्या टोकाला हातगाडीपाशी तो उभा, हातात दाल-पकवानाची प्लेट, ओठांवर चिंचेची चटणी, आणि चेहऱ्यावर असा भाव, जसा लोकांच्या चेहऱ्यावर काकड आरतीला असतो.

“हर्षदा, साडेनऊ मार्क! दहाच देणार होतो, पण कांदा जरा जाड कापलाय.”

“आई फोनवर आहेत!”

“आई!” राजेश भरल्या तोंडाने कानाला म्हणाला. “सगळं झकास!”

“तोंडात काय हाय तुझ्या?”

“नानकटाईचं... ते... चव बघत होतो, आई!”

“कच्ची?”

एवढ्या गोष्टीला किती वेळ लागला असेल? पाच मिनिटं? पण एखाद्याचं भलं करायला सज्जन माणसाला पाच मिनिटं पुष्कळ होतात. हर्षदा परत आली तर फळी रिकामी, ट्रे गायब, आणि टेकचंदभाई किल्ली धोतराला पुसत हसत उभे.

“टेन्शन नका घेऊ, भाभी. आपका काम कर दिया. अम्मांच्या ट्रेवर निशानच नव्हतं! मी सोताच्या हाताने किल्ली मारली. चारही ट्रे, एकदम बरोबर. अम्मा का निशान अम्मा का!”

“चारही?” हर्षदाने विचारलं.

“चारही!”

भट्टीतून ट्रे बाहेर आले तेव्हा रंग तोच, आकार तोच, ठसा तोच. कुठला ट्रे कुठला, हे भट्टीही सांगू शकली नसती. आतल्या माणसांनी सराईतपणे दोन्ही डबे भरलेसुद्धा, थोड्या यातल्या, थोड्या त्यातल्या. टेकचंदभाईंनी वर सुतळीची पुडी ठेवली आणि म्हणाले, “अम्मांना बोला, टेकचंद याद करता है.”

घरी राजाबाईंनी डबा उघडला आणि एकेक नानकटाई उचलून खिडकीच्या उजेडात धरली. “काय सुरेख ठसा मारलायस गो! माझ्यापरीस बरा.” त्यांचे डोळे भरून आले. हर्षदाचेही आले, वेगळ्या कारणाने. किल्ली परत कमरेला गेली, पुडी कपाटात गेली, आणि दुपारी जेवून राजाबाई पडल्या.

आता मऊ कुठली आणि दगडी कुठली ते वेगळं काढायचं, ते या तासाभरात!

“ओट्यावर आपटून बघू,” राजेशने शास्त्रीय सूचना केली. “दगडाची असेल ती टण् वाजेल.”

पहिली टण् वाजली. दुसरी टण्. तिसरी वाजलीच नाही, तिचा भुगा झाला. चौथी टण्. पाचवीचा भुगा.

“अहो, थांबा! चांगल्या तेवढ्या फुटतायत! असं तपासत गेलो तर शेवटी नुसते दगड उरतील!”

“मग हळू वाजवतो.”

टण्. टण्. टण्.

“कोन हाय रे?” आतून आवाज आला. “सुतार आलाय का?”

“वरच्या मजल्यावर काम चाललंय, आई!”

“दिवालीच्या तोंडावर?”

आपटणं बंद झालं. मग राजेशने तळहातावर तोलून बघितल्या, उन्हात धरून बघितल्या, एकदा तर कानाशी हलवूनसुद्धा बघितल्या, नारळासारख्या! शेवटी म्हणाला, “खाण्यातलं मला कळतं. नुसता कोपरा चावून ओळखतो.” आणि हर्षदा नको नको म्हणेपर्यंत त्याने कोपरा चावला.

टण् असाच आवाज आला, पण या वेळी तो तोंडातून!

गेल्याच वर्षी बसवलेली दाढेवरची टोपी हातात आली. संध्याकाळपर्यंत गाल असा फुगला, की जणू अंबरनाथचा अख्खा मेदुवडा तिथेच राहून गेला आहे.

“काय झाला रे?” राजाबाईंनी विचारलं.

“वारा लागला,” राजेश एका बाजूने म्हणाला.

दुसऱ्या दिवशी राजाबाईंनी स्वतःच्या हाताने एकवीस डबे भरले, प्रत्येकात सात. दोन्ही प्रकारांची अशी सरमिसळ झाली, की ते डबे नव्हते, सोडत होती! हर्षदाने एकेक दार वाजवून डबे दिले, आणि प्रत्येक दारातून डबा उघडायच्या आधीच निरोप आला, “आजींना सांगा, काय झालीय हो!”

दोन दिवस शांततेत गेले. तिसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या वैदेहीचा मेसेज आला. “आजी, पहिली तर अप्रतिम! दुसरी... पण पहिली अप्रतिम!” चौथ्या दिवशी जिन्यात दोघीजणी भांडताना ऐकू आल्या. एक म्हणत होती तोंडात विरघळते, दुसरी म्हणत होती तुझी जीभ तपासून घे. आणि नरकचतुर्दशीला जे घडलं ते इमारतीच्या इतिहासात घडलं नव्हतं. एक डबा रिकामा होऊन परत आला!

राजाबाईंनी तो डबा उलटा करून बघितला. तळाला बोट फिरवून बघितलं. चुरासुद्धा नव्हता.

“यंदा काय झालाय लोकांना?” त्या हळूच म्हणाल्या. “एरवी न खाताच छान म्हनतात. यंदा खाऊन म्हनतायत.”

हर्षदाच्या हातातली चकली तिथेच मोडली. म्हणजे यांना फरक कळतो? न खाता म्हटलेलं छान आणि खाऊन म्हटलेलं छान, यातला? मग एवढी वर्षं...? तिने पुढचा विचार केला नाही. ती चकल्या मोजायला लागली.

पाडव्याला सकाळी फराळाला बायका जमल्या. राजाबाई खुर्चीत, नवं लुगडं, पुढ्यात ताट. दारातल्या स्टुलावर राजेश, गालाला मफलर. ऑक्टोबरच्या उकाड्यात मफलर! यशोधरा आली. हर्षदाने भविष्य वर्तवलं होतं त्याप्रमाणे ती खरोखरच दारात उभी राहून म्हणाली, “हर्षदा, अगं, कृती तरी सांग!” हर्षदाने हा क्षण केवढा रंगवून ठेवला होता! आता मात्र तिला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला यशोधरेसकट पोटात घ्यावं.

यशोधरेने ताटातली एक उचलली, डोळे मिटून, दातांची तयारी करून चावली. तिचे डोळे टक्कन उघडले.

“अय्या! आजी, ही पण चक्क चावता येते!”

सगळ्याजणी खाली रस्ता खणणाऱ्या मशीनचा आवाज अगदी लक्ष देऊन ऐकायला लागल्या.

“म्हणजे... नेहमीच येते,” यशोधरा घाईने म्हणाली. “आज जरा जास्त येते.”

“हो ना, नेहमीच,” वैदेही म्हणाली.

“हा रस्ता कधी पुरा करणार कुणास ठाऊक,” राजेश मफलरातून म्हणाला.

“यंदा उकाडाच फार,” हर्षदा म्हणाली.

राजाबाईंनी ताटातली एक नानकटाई उचलली आणि खुर्चीच्या हातावर आपटली. टण्! दुसरी उचलली, आपटली. भुगा त्यांच्या नव्या लुगड्यावर पडला. त्यांनी दोन्हींवरचे ठसे निरखून बघितले. एकच किल्ली. मग मान वर करून सुनेकडे बघितलं.

“हर्षदा.”

“आई, ते तूप... म्हणजे टेकचंदभाईंकडे जरा गर्दी होती, आणि हे दाल-पकवान खायला गेले होते, आणि तुमचा कान...”

“माझा कान?”

“म्हणजे फोन! आई, मी तुम्हाला दुखवायला नाही हो केलं! मला वाटलं, लोकांनी...” आणि तिला रडू फुटलं. खुर्चीत बसलेली ही बाई आता खिडकीकडे तोंड फिरवेल आणि पुन्हा कधी वळणार नाही, एवढंच तिला दिसत होतं.

राजाबाईंनी खिडकीकडे बघितलंही नाही. कमरेची किल्ली सोडवली आणि पुढे केली. किल्लीच्या दात्यांमध्ये अजून पीठ अडकलेलं होतं.

“कपाट उघड. लुगड्यांच्या मागं औषध हाय. आन.”

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. बीपीची गोळी असणार! यशोधरा पाणी आणायला धावली. हर्षदाने कपाट उघडलं आणि लुगड्यांमागची तपकिरी पुडी काढून दिली. राजाबाईंनी सुतळी सोडली. कागद उलगडला, आणि वेलची-तुपाचा असा घमघमाट सुटला, की राजेशने मफलर खाली ओढला.

आत नानकटाई होती. नरम, टपोरी, वरून तडकलेली. ठसा नसलेली.

“टेकचंदच्या दुकानातली,” राजाबाई म्हणाल्या. “त्याच्या मापाची. बारा वर्सं झाली, मी दिवालीत हीच खाते.”

“मग आई,” हर्षदाने पदराने नाक पुसलं, “ती आपली? एकवीस डबे?”

“ती तुमच्यासाठी करते गो! तुम्ही सगली एवढा कौतुक करता, तुमचा मन कसा मोडू? दरवर्सी मनात म्हनते, यंदा कोनतरी बोलंल, मग मी सुटंन त्या मलन्यातून. कोन बोलत नाय! गुडघा कापला तवा वाटला, आता तरी लोक म्हनतील राहू दे. तर ही यशोधरा हास्पिटलात येऊन म्हनते, आजी, नानकटाई चुकवू नका!”

यशोधरा हातातला पाण्याचा पेला स्वतःच प्यायली.

राजाबाईंनी पुडी पुढे सरकवली. प्रत्येकीच्या हातावर एकेक ठेवली, हर्षदाच्या हातावर दोन.

“खा. ही खरी हाय. माजी काय, निव्वल दगड असते ती.”

“छे छे, आजी! काहीतरीच काय!” सगळ्याजणी एका सुरात म्हणाल्या. इतक्या वर्षांची सवय!

“नाही गं, आई,” राजेश स्टुलावरून म्हणाला, “तशी काही...”

“तू तर बोलूच नको,” राजाबाई म्हणाल्या. “आधी आरशात गाल बग.”